तिच्यासारखे शब्द

"चहा. म्हण बघू, च… हा." अच्युतरावांनी रोजच्यासारखा कप बायकोपुढे धरला.

"कटोली," सुलू ठसक्यात म्हणाली. पक्षाघातानंतर तिच्या तोंडून असलेच शब्द यायचे, आणि आपण नीटच बोलतोय असं तिला वाटायचं.

शेवटी त्यांनी हट्ट सोडला. जन्म प्रोग्रामिंगमध्ये गेलेला. तिचे शब्द वहीत टिपून त्यांनी त्याच वळणाचे नवे शब्द बनवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. निदान तिच्याशी तिच्यासारखं बोलता तरी येईल.

"भिरोली करमं लुटी," आज ते स्क्रीनवरचं वाचून लाडानं म्हणाले.

सुलू दचकली. ह्यांना काय झालं, अशा नजरेनं बघत तिनं त्यांचे ओठ चाचपले. तिचे डोळे भरून आले. मग कप उचलून त्यांच्यापुढे धरत ती अगदी सावकाश म्हणाली, "क… टो… ली."