ऑगस्टाचं यंदाचं चित्र

लॉर्ड वेदरकोम यांची मुलगी ऑगस्टा लहानपणीच तापानं गेली. तरी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला ते चित्रकार पेलकडून तिचं चित्र काढून घेत, दरवेळी एका वर्षानं मोठी झालेली. अशी ती दालनातल्या भिंतीवर वाढत राहिली.

यंदाच्या चित्रात मात्र नुसती उघडी खिडकी होती, बाहेर धुकं.

"पेल, पोरगी कुठंय?"

"पळून गेली, साहेब. स्कॉटलंडला, लग्न करायला. तिथं बापाची परवानगी लागत नाही. तुम्ही दिली नसती म्हणाली."

असल्या लग्नांवर बंदी आणा म्हणून संसदेत घसा कोरडा करणारे लॉर्ड चित्राजवळ जाऊन त्या धुक्यात वाकून बघू लागले.

"मुलगा विरोधी पक्षातला?"

"हो, साहेब."

"तरीच." मग हळूच म्हणाले, "शाल तरी नेलीय का तिनं? तिकडं थंडी फार."