विकतचं वाण

"रिपोर्टला अजून वेळ आहे," हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. मृणाल वळली, तर मागे बाकावर सासूबाई!

गर्भाशयाचा तुकडा तपासायला दिला, त्या दिवशी तिने घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमित्त सांगितलं होतं. येताना वाण म्हणून दुकानातून स्टीलची वाटी आणली होती.

"वाण आलं, पण कपाळ कोरडंच. तेव्हाच ओळखलं मी. आज रिक्षा करून तुझ्या मागे आले."

"आई, तुम्हाला उगाच घोर नको म्हणून..."

"कपाटातल्या माझ्या वाट्या बघितल्यास ना? निम्म्या अशाच विकतच्या. माझी गाठ निघेपर्यंत तुझ्या सासऱ्यांनाही पत्ता नव्हता."

आतून नाव पुकारलं, तरी मृणाल बाकापाशीच उभी होती. सासूबाईंनी पर्समधून डबी काढून तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"चल. मी एकटी गेले होते."