कुठी चालल्या?

गाडीत शेजारच्या माणसाला गाव न विचारता बसून राहणं रंभाबाईला कधी जमलंच नाही. चंद्रपूरहून पोंभुर्ण्याच्या गाडीत एक तरुण पोरगी बाजूला येऊन बसली, तशी तिने सुरुवात केली.

"कुठून येऊन राह्यली व बाई?"

"पुण्याहून."

"नोकरी करते का? लगन झालं?"

पोरीने कानातली वायर काढली. "मावशी, पुण्यात बसमध्ये कोणी कोणाला एवढं विचारत नाही."

"मंग तिथं रस्ता सरते तरी कसा?"

मागच्या सीटवरचे दोघं हसले. पोरीलाही हसू आवरलं नाही.

"कोनाची पोरगी तू?"

"वामनराव रामटेक्यांची. नूतन." बोलता बोलता ती घरच्या बोलीवर आली. "बाबाले बरं नाई म्हणून दादाचा फोन आला. दवाखान्यातून घरी आणलं म्हणे."

रंभाबाई पदराची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. मागचे दोघं खिडकीबाहेर पाहू लागले. दोन थांबे गेले तरी कोणी काही विचारेना. शेवटी नूतनलाच ते अवघड वाटलं.

"बाई, तुमी कुठी चालल्या?"

जन्मभर रंभाबाई लोकांना हेच विचारत आली होती.

"तुह्याच गावाले," ती कशीबशी म्हणाली आणि मांडीवरची पिशवी तिने पदराखाली झाकून घेतली. वामनरावाच्या मातीसाठी, प्रेतावर घालायला घेतलेलं कोरं पांढरं कापड तिच्यातून वर आलं होतं.