बिनखिळ्यांची पेटी

"पोरा, आपल्या घरातल्या पुरुषांना झुलती खुर्ची लागत नाही."

बापाचा तो हसरा आवाज थ्यूनिसच्या कानात लहानपणापासून वस्तीला होता. असं म्हणणारा बाप पुढच्याच हिवाळ्यात मेंढ्या कोंडताना छातीवर हात ठेवून गेला. आजाही तसाच गेला होता, पन्नाशीच्या अलीकडे. दोघांच्या टाचांमागे पिवळसर गाठी होत्या. थ्यूनिसच्याही होत्या.

आज तो माळ्यावरून स्वतःची शवपेटी खाली उतरवत होता. शेजारच्या मळ्यातली हेस्टर खाली शिडी धरून उभी होती.

"हळू रे बाबा! माझे पीच सांडशील!"

दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या त्या माळरानावर पूर्वी शहाणा माणूस आपली पेटी आधीच करून ठेवी. वेळ येईस्तोवर तिच्यात सुकवलेली फळं राहत. रीत मोडली, लोक विसरले. थ्यूनिसनं मात्र मिसरूड फुटल्या फुटल्या आपली पेटी केली. चांगल्या पिवळ्या लाकडाची, ऐसपैस. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू.

हेस्टर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि उरलेल्या वेळात थ्यूनिसला चिडवायची. "पेटीला स्क्रू कशाला रे? आतून उघडून बाहेर यायचा बेत आहे?"

तो नुसता हसायचा. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती त्याच्या ओट्यावर कॉफी प्यायची. उन्हाळ्यात तिच्या झाडांचे पीच त्याच्या पेटीत सुकून गोड व्हायचे. गावानं दोघांच्या लग्नाची वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडलं. थ्यूनिसनं तिला कधी विचारलंच नाही. आपल्या तरुण आईला त्यानं काळ्या कपड्यांत पाहिलं होतं. हेस्टरच्या अंगावर तो रंग घालायचा नाही, एवढंच त्यानं मनाशी ठरवलं होतं.

गेल्या वर्षी केपटाउनहून डॉक्टर जाफ्ताबाई आल्या. त्याचं नि बहिणीचं रक्त घेऊन गेल्या. बहीण सुटली, हा सापडला.

"जहाजातून आलेल्या तुमच्या कुणा पूर्वजानं बायबलाबरोबर हेही आणलं," बाई म्हणाल्या होत्या. "रक्तातली चरबी उपसणारं जनुक, पण बिघडलेलं. तुमचं आईकडचं धड आहे, बापाकडचं मोडकं. म्हणून चरबी टाचांमागे आणि हृदयाच्या नळ्यांत साचते."

तेव्हापासून रोज गोळी. आज सकाळी बाई पुन्हा आल्या, नव्या तपासणीचा निकाल सांगायला.

"साप बिळातच आहे, तो कुठं जायचा नाही. पण त्याचे दात बरेचसे पाडलेत. हृदयही ठणठणीत आहे. तुमच्या आजोबांकडे ही गोळी नव्हती. चुकवू नका, आणि मेंढीची चरबी कुत्र्याला घाला."

"म्हणजे... मी म्हातारा होणार?"

"लक्षणं तरी तशीच दिसतायत. गुडघे दुखायला लागले, तर माझ्याकडे तक्रार आणू नका!"

त्यांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत थ्यूनिसनं माळ्याला शिडी लावली होती.

पेटी ओट्यावर आली. हेस्टरनं पीच चादरीवर पसरले. थ्यूनिस गुडघे टेकून स्क्रू काढू लागला. इतक्या वर्षांचे स्क्रू, पण लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. कुणीतरी दर उन्हाळ्यात त्यांना तेल घालत आलं होतं.

"आता काय करणार या लाकडाचं?"

"झुलती खुर्ची."

हेस्टरनं एक पीच उचलला, उगाच पुसला. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एकच?"

थ्यूनिसचा हात थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"दोन," तो म्हणाला. "लाकूड तेव्हाच दोन खुर्च्यांच्या मापानं घेतलं होतं, हेस्टर. म्हणून तर खिळा मारला नाही."