रिकामी खुर्ची

"हाक मारली होती मी. दोनदा," स्ट्रेचरवरून मास्तर म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस, नोंद करावी तसं म्हणाले. बाथरूमच्या दारात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका वृद्धाश्रमाच्या फाटकातून बाहेर पडली.

नवी मदतनीस भिंतीला टेकून रडत होती. मोबाइल अजून हातात होता, एक इअरफोन कानात. मेट्रनबाईंना तिला फैलावर घ्यायचं होतं, पण त्या तशाच ऑफिसकडे वळल्या. तिला निवडलं होतं त्यांनीच.

भरती ऑनलाइन करायची, हा हट्टही त्यांचाच. पूर्वी बायका दारात यायच्या, घरची सगळी रामकहाणी ऐकवायच्या आणि बाईंची अख्खी दुपार खायच्या. आता प्रश्न मोबाइलवर उमटत आणि बायका घरूनच उत्तरांचा व्हिडिओ पाठवत. बाईंनी ते सगळे व्हिडिओ जेवता जेवता उरकले, तेही आवाज बंद करून. उत्तरं काय, सगळ्या पाठच करून येतात. माणूस डोळ्यांवरून कळतो, असं त्यांचं म्हणणं. या मुलीची नजर पडद्यावरून क्षणभरही हलली नव्हती. दुसरी एक बाई बरी वाटली होती, पण ती सारखी बाजूला बघायची आणि तिसऱ्या प्रश्नाला तर चक्क उठून गेली. रिकामी खुर्ची दिसताच बाईंनी फुली मारली. शेरा लिहिला: लक्ष नाही.

आज ऑफिसात येऊन त्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. या वेळी आवाज चालू होता.

ती बाई बोलता बोलता बाजूला बघत होती, वळत होती, पुन्हा बघत होती. मग खुर्ची रिकामी झाली. पलीकडून तिचाच आवाज आला, "थांबा आई, आले मी. घाई नाही. धरा मला." काठी टेकल्याचा आवाज हळूहळू लांब गेला, मग परत आला. शेवटी ती धापा टाकत खुर्चीत बसली. म्हणाली, "माफ करा हं, सासूबाई उठत होत्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं बघा."

तेवढ्यात उत्तराला ठरवून दिलेली वेळ संपली आणि व्हिडिओ थांबला. मेट्रनबाईंना रडू आवरेना. खाली तो तिसरा प्रश्न तसाच होता, त्यांनी स्वतः लिहिलेला:

'आजारी माणूस न सांगता एकटाच उठू लागला, तर तुम्ही काय कराल?'