तू आणि तुम्ही

खिडकीपाशी बसलेली आई मुलीकडे बघत एक लांबलचक वाक्य बोलली, आणि मुलीने मावशीकडे पाहिलं.

"म्हणते, आलीस, बरं वाटलं," मावशी म्हणाली. "आणि वाळलीस म्हणते. वेळेवर जेवत नाहीस वाटतं."

मुलगी हसली. आईच्या गुडघ्यांवरून घसरलेली शाल तिने सारखी केली.

आजारपणात आईची फ्रेंच गेली होती. आधी शब्द गेले, मग वाक्यं, मग एका सकाळी सगळीच. शहरातल्या नावाजलेल्या शाळेत तिने जन्मभर फ्रेंच शिकवली. घरात लेकीशीही ती फ्रेंचच बोलायची. आता त्याच शाळेत लेक फ्रेंच शिकवत होती, आणि आईच्या तोंडी उरली होती फक्त आफ्रिकान्स. तिच्या लहानपणीची, दक्षिण आफ्रिकेतली भाषा. मुलीला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, कारण आईने ती घरात कधी येऊच दिली नव्हती. ती भाषा बोलणाऱ्या सख्ख्या धाकट्या बहिणीलाही नाही. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला लाँड्रीत इस्त्री करायची. रस्त्यावर, दुकानात सगळे बोलतात ती भाषा तिला येत होती, भाचीशी ती तीच बोलायची. फ्रेंच तिला येत नव्हती. बहीण आजारी पडली तशी ती न बोलावता आली आणि बाह्या सरसावून कामाला लागली. मागचं एक अक्षर तिने काढलं नाही.

मुलगी रोज शाळा सुटल्यावर यायची. आई बोलायची, मावशी सांगायची. त्या अगम्य बोलण्यात मुलीने एक काडी धरून ठेवली होती. आई तिच्याशी बोलताना ओठांचा चंबू करून सारखं 'यू' म्हणायची. फ्रेंचमध्ये 'तू'ला 'त्यू' म्हणतात. आजाराने 'त' खाल्ला असेल, 'यू' तेवढा राहिला, अशी मुलीने आपली समजूत घातली होती. सगळं गेलं, पण आईचं 'तू' म्हणणं गेलं नाही!

मग तिने ठरवलं, ही भाषा शिकायची. मावशीला कळू द्यायचं नाही. एक दिवस आईशी बोलून दोघींना चकित करायचं.

पुस्तक उघडलं आणि तिला हसूच आलं. फ्रेंचमध्ये टेबलसुद्धा बाई असते आणि पंखा पुरुष. इथे तो घोळच नाही. फ्रेंच क्रियापद माणूस बदलला की रूप बदलतं. इथलं आपलं ढिम्म. मी जातो, ती जाते, ते जातात, सगळ्यांना एकच. आणि 'मी' म्हणजे 'एक'. हे तर तिला फारच आवडलं. नकार दोन्हीकडे दोन तुकड्यांचा. पण फ्रेंचमधले दोन्ही तुकडे क्रियापदाला चिकटून बसतात. इथे दुसरा 'नी' बहुतेक वेळा वाक्याच्या पार शेवटी यायचा, कुणी जाता जाता दार ओढून घ्यावं तसा. एवढी साधी, प्रेमळ भाषा. आईला तिची लाज का वाटावी?

दोन महिने ती रोज रात्री पुस्तक घेऊन बसली. मग आदरार्थी सर्वनामांचा धडा आला. 'तू'ला या भाषेत 'येय' म्हणतात, हे तिला एव्हाना ठाऊक होतं. 'यू' म्हणजे तुम्ही. परक्यांना म्हणायचं ते.

पुस्तक चुकलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आईसमोर बसली आणि कान देऊन ऐकू लागली. आई सावकाश, अदबीने बोलली. आणि पहिल्यांदाच मुलीला सगळं कळलं.

"तुम्ही आता घरी जा, बाई. तुम्ही रोज येता, पण माझी मुलगी यायची आहे. तिला परकं माणूस घरात चालत नाही."

"म्हणते," मावशी उशीचा अभ्रा बदलत म्हणाली, "माझी मुलगी आली, आता मला कुणी नको."

मुलगी खुर्चीवरून उठली. आईच्या पायांशी बसून तिने तिचा हात धरला.

"मा," ती आफ्रिकान्समध्ये म्हणाली, "मीच आहे. तुझी मुलगी."

मावशीच्या हातातली उशी तिथेच राहिली. म्हणजे पोरीला कळत होतं! तिचा चेहरा पांढरा पडला.

आईच्या कपाळावर आठी आली. तिने हात सोडवून घेतला, पाठ ताठ केली, आणि वर्गात बोलायची तशा खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली,

"तू ही भाषा कुठून उचललीस? मोलकरणींची भाषा आहे ती! हिच्यासारखं लोकांचे कपडे धुवायचेत का तुला?" तिने मावशीकडे बोट केलं. "पुन्हा तुझ्या तोंडून ऐकली तर याद राख."

तू. कितीतरी दिवसांनी. मुलीचे डोळे भरून आले. आणि लगेच तिला स्वतःच्या त्या आनंदाची शिसारी आली.

आई पुन्हा खिडकीकडे वळली होती. डोळ्यांतली ओळख विझली होती.

"अगं, फ्रेंच बोलली!" मावशी हरखून पुढे आली. "ओळखलं तुला! माझ्याकडे बोट केलं ना? माझं काय म्हणाली?"

मुलीने डोळे पुसले.

"म्हणाली, धाकटी होती म्हणून माझं निभावलं. तिच्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं."

मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उशी आईच्या पाठीशी नीट लावली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तूही माझ्यासारखंच सांगायला लागलीस गं," ती म्हणाली.