साफ बंदुकीचं दुखणं

मोंटानातल्या आमच्या गावात माणशी तीन बंदुका, म्हणून मी बंदुका साफ करून द्यायचं दुकान टाकलं. हरणांच्या शिकारीचा मोसम संपत आला तरी एक गिऱ्हाईक नाही. शनिवारपर्यंत वाट बघायची, नाहीतर मामाच्या मेंढ्या राखायला परत जायचं, असं ठरलं.

शनिवारी डेल्बर्टकाका बंदूक घेऊन आले. आठवडाभर डोंगरात शिकारीला गेले होते. मी नळीत डोकावले, तर आरसा.

"काका, ही साफच आहे."

"तेच तर दुखणं आहे! तंबूत आम्ही सहा जण आठवडाभर पत्ते खेळलो. आता घरी गेल्या गेल्या तुझी मार्लिसकाकू नळी हुंगून बार झालाय का बघणार. टेस, पोरी, जरा मळवून दे ना."

धंदा तो धंदा. दुकानामागच्या मातीच्या ढिगात मी चार गोळ्या झाडल्या. तासाभरात उरलेले पाचही जण रांगेत.

सोमवारी मार्लिसकाकू तीच बंदूक घेऊन आल्या. मागे आणखी पाच बायका, प्रत्येकीच्या खांद्यावर बंदूक.

"साफ करून दे गं. आमचे हे कशाला हात लावतायत!"

मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "काकांनी बरीच शिकार केलेली दिसतेय."

"त्यांना काही बोलू नकोस हं. वर्षातून तेवढाच एक आठवडा घर शांत असतं," काकू म्हणाल्या. "फक्त पुढच्या वर्षी बंदुकीमागे दोनच गोळ्या झाड. चोवीस बार ऐकून माझ्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलंय."